उंच इमारत आणि मस्टरवरचे नाव

मुंबईला जाऊन आलेला माणूस गावी परतला की दोन गोष्टी हमखास सांगतो. एक समुद्र आणि दुसरी उंच इमारत. "मान दुखेपर्यंत वर पाहिलं तरी टोक दिसंना," हे वाक्य नांदेड-लातूर भागातल्या प्रत्येक वस्तीत कधी ना कधी ऐकलेले असते. पण ती इमारत वर चढते कशी, तिला दिवस किती लागतात, तिच्यात कोणाचा घाम जिरतो आणि ती उभी राहिल्यावर त्या माणसांचे काय होते, याची चर्चा मात्र होत नाही. हे काम करणाऱ्यांत आपल्याच तालुक्यांतली माणसे आहेत. तेव्हा ही चर्चा आपल्या घराघरांत झाली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

मुंबईत लोअर परळ भागात कार्यालयांसाठी बांधलेली तीस मजल्यांची एक इमारत आम्ही पायापासून पाहत आलो. मुखेड, कंधार आणि अहमदपूर तालुक्यांतील आमच्या ओळखीची पंधरा-वीस माणसे तेथे कामाला होती. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला जाणे होतेच. दुसऱ्या दिवशी त्या माणसांना भेटायला साईटवर चक्कर ठरलेली. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे फक्त खड्डा होता. डिसेंबर २०२३ मध्ये आठवा मजला आणि डिसेंबर २०२४ मध्ये पंचविसावा मजला चालू होता. डिसेंबर २०२५ मध्ये बाहेरून काच बसत आली होती. इमारतीचे आणि ठेकेदाराचे नाव देण्याचे कारण नाही. जे सांगायचे ते बहुतेक सर्वच साईटना लागू पडते.

नरिमन पॉइंटचे दिवस

मुंबईत कार्यालयांच्या उंच इमारतींची खरी रांग लागली ती नरिमन पॉइंटला, १९७० च्या दशकात. ही जमीन समुद्रात भर घालून केलेली आहे. १९२० च्या दशकात बॅकबे भरावाच्या कामातील गैरव्यवहार चव्हाट्यावर आणणारे खुर्शेद नरिमन यांचे नाव तिला आहे. त्या जागेवर २५ मजल्यांची एक्स्प्रेस टॉवर्स उभी राहिली. तिचे वास्तुशास्त्रज्ञ जोसेफ ॲलन स्टाइन. शेजारी २३ मजल्यांची एअर इंडियाची इमारत १९७४ मध्ये पूर्ण झाली. तिचा आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्गी या संस्थेतील जॉन बर्गी यांचा. पुढे फोर्ट भागात शेअर बाजाराचा मनोरा १९८० मध्ये तयार झाला. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत शेअर बाजार आणि एअर इंडिया या दोन्ही इमारतींच्या तळघरांत मोटारबाँब फुटले. माणसे गेली, पण सांगाडे उभे राहिले. एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटी रुपयांना घेण्याचे राज्य शासनाने ठरवले आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने त्याला मान्यता दिली.

आराखडा काढणाऱ्यांची नावे अशी पुस्तकांत सापडतात. पाट्या उचलणाऱ्यांची सापडत नाहीत. नरिमन पॉइंट चढत होता त्याच वर्षांत आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरे बाजारात कवडीमोलाने गेली. ज्यांना खडी फोडण्याच्या कामावर पोट भरता आले नाही ती माणसे मुंबईकडे निघाली. नांदेडहून मीटरगेजने मनमाड आणि तेथे गाडी बदलून पुढे. लातूरहून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडी आणि मग मोठी गाडी. त्यांतली किती तरी माणसे बांधकामावर लागली, कारण तेथे ओळख विचारत नव्हते आणि कागदही मागत नव्हते. आमच्या वस्तीतील एक आजोबा अखेरपर्यंत नरिमन पॉइंटच्या पाट्यांची गोष्ट सांगत. कागद मागत नव्हते ही त्या वेळची सोय होती. तीच पुढे गळ्यातला फास झाली, ते कसे हे पुढे येईल.

आधी खाली, मग वर

उंच इमारतीचे पहिले कित्येक महिने रस्त्यावरून जाणाऱ्याला काहीच दिसत नाही. पत्र्याचे कुंपण आणि आत यंत्रांची घरघर, एवढेच. कारण इमारत वर जाण्याआधी खाली जाते. मऊ माती आणि भराव काढून टणक खडकापर्यंत पोहोचावे लागते. जेथे खडक खोल असतो तेथे जमिनीत भोके पाडून, त्यांत सळईचा पिंजरा सोडून काँक्रीट भरतात. त्याला पाईल म्हणतात. मुंबईच्या पोटात बहुतेक ठिकाणी जो काळा दगड लागतो तो आपल्याच मराठवाड्यातला काळा पाषाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एकाच लाव्ह्याचे हे थर आहेत. आपल्याकडे विहीर खणताना ज्याने हात सोलवटले तोच दगड तेथे सुरुंगाने किंवा ब्रेकरने फोडतात.

पाया झाला की मधोमध लिफ्ट आणि जिन्याचा गाभा चढू लागतो. त्याच्या जाड भिंती म्हणजे इमारतीचा कणा. वारा आणि भूकंप यांचा आडवा धक्का मुख्यतः तोच पेलतो. गाभ्याभोवती कॉलम, कॉलमवर बीम, बीमवर स्लॅब. सेंट्रिंगवाले साचा लावतात, फिटर सळई वाकवून बांधतात, वीजवाले पाईप टाकतात, इंजिनियर तपासतो आणि मग पंपाने काँक्रीट वर चढते. त्यात व्हायब्रेटर फिरतो, कारण हवा राहिली तर आत पोकळी राहते. टॉवर क्रेन इमारतीबरोबर स्वतःची उंची वाढवत जाते.

आम्ही कारकून माणसे, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. आठव्या मजल्यापासून पंचविसाव्यापर्यंत सतरा मजले झाले एका वर्षात. म्हणजे सरासरी एकवीस दिवसांना एक मजला. गावात दोन खोल्यांचा स्लॅब पडायला दोन उन्हाळे जातात, तेथे एकवीस दिवसांत अख्खा मजला! पण हा वेग जादूने येत नाही. तो दोन पाळ्यांच्या माणसांनी येतो.

अठ्ठावीस दिवसांची परीक्षा

काँक्रीट दुसऱ्या दिवशी दगडासारखे दिसते, पण ते कच्चे असते. म्हणून प्रत्येक स्लॅबच्या वेळी १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात. ते सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. किती भार सोसून ठोकळा फुटला त्यावर मालाची ताकद ठरते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस पाणी मारलेच पाहिजे. कडक उन्हात किंवा सिमेंटमध्ये राख वगैरे मिसळलेली असेल तर दहा दिवस. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबखालचे चौदा दिवस काढू नयेत. सहा मीटरहून मोठ्या बीमखालचे तर एकवीस दिवस.

हे आकडे वाचकांनी आपल्या घरासाठीही लक्षात ठेवावेत. घरकुलाचा स्लॅब पडतो आणि सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसरीकडे न्यायच्या असतात, म्हणून चौथ्या दिवशी टेकू निघतात. पाणी मारायचे काम पोरांवर सोपवलेले असते. मग पहिल्याच पावसाळ्यात छत गळते आणि आपण सिमेंटला दोष देतो.

किल्लारी विसरता येत नाही

लातूरच्या माणसाला उंच इमारतीची भीती वाटते आणि ती अस्थानी नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. पण मारले कोणी? उंचीने नाही. जाड दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंती आणि वर माळवदाचे मातीचे ओझे, यांनी मारले. भिंतींना एकमेकींशी बांधणारे काही नव्हते. हादरा बसताच भिंती फाकल्या आणि माळवद खाली आले.

त्याआधी हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या विभागात घातला गेला. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपाने दुसरा धडा दिला. दूरच्या अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या त्यांत खाली मोकळे पार्किंग आणि वर भिंतींचे मजले असलेल्या इमारती बऱ्याच होत्या. वर कपाट आणि खाली काठ्यांचे पाय, अशी ती रचना. आज नांदेड, लातूर, उदगीर येथे मुख्य रस्त्यावर खाली गाळे किंवा पार्किंग आणि वर चार-पाच मजले अशा इमारती उठत आहेत. तेव्हा प्रश्न उंचीचा नसून बांधणीचा आहे.

लोअर परळच्या साईटवर कंधारकडचा एक फिटर आम्हाला कॉलमची रिंग दाखवत होता. रिंगचे टोक नुसते काटकोनात वाकवले तर भूकंपात ती उघडते. ते आत, १३५ अंशांत वळवले तर कॉलमच्या पोटात अडकून बसते. "दादा, हे एवढं टोक वाकवायला मिनिट लागत न्हाई, पण गावाकडं कोन बी वाकवीत न्हाई," असे तो म्हणाला. हा माणूस सातवी पास आहे. त्याच्याजवळची विद्या आपल्या गावच्या किती ठेकेदारांजवळ आहे?

पाटी कोणाची, थापी कोणाची?

साईटवर नीट पाहिले तर कामांची उतरंड दिसते. सर्वांत खाली बिगारी. वाळू, विटा, राडारोडा उचलणारा. त्याच्यावर गवंडी, सेंट्रिंगवाला, फिटर. त्यांच्यावर मुकादम, सुपरवायझर, इंजिनियर. आणि सर्वांवर ठेकेदार. आपली माणसे बहुतेक बिगारीत, दहा-दहा वर्षे बिगारीतच.

ही गोष्ट नवी नाही. आज जेथे काचेचे मनोरे आहेत तेथे गिरण्यांची धुराडी होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर त्या विझत गेल्या आणि जमिनी इमारतींकडे गेल्या. त्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून बाट होतो असे कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. १९४२ मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनातही त्यांनी केंद्रीय बांधकाम खात्याच्या ठेकेदारांत अस्पृश्य समाजाचा ठेकेदार नावालाच असल्याचे दाखवून दिले होते. म्हणजे पाटी कोणाच्या डोक्यावर आणि ठेका कोणाच्या खिशात, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता. त्याचे उत्तर आपण कौशल्याने दिले पाहिजे. ज्या बिगाऱ्याने दोन वर्षांत फिटरचे काम हाती घेतले त्याची मजुरी वाढलेली आम्ही पाहिली. ज्याने घेतले नाही तो आजही पाटीवरच आहे.

कॅलेंडरवरच्या खुणा

आता फासाची गोष्ट. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईतल्याच दुसऱ्या एका साईटवर आमच्या शेजारच्या गावचा तीस वर्षांचा तरुण सेंट्रिंगवरून खाली पडून गेला. मागे पत्नी, दोन मुले, म्हातारी आई. ठेकेदाराचा माणूस मौतीला आला, दोन लाख रुपये देतो म्हणाला आणि कागदावर अंगठा मागू लागला. वहिनींनी अंगठा दिला नाही. त्या आठवी शिकलेल्या आहेत. त्यांनी कागद वाचला आणि "भाऊजींना दाखविते," म्हणून ठेवून घेतला. तो कागद म्हणजे पुढे कोणताही दावा करणार नाही, असे लिहून देणे होते.

मस्टर पाहायला मागितले तर त्यात त्याचे नावच नव्हते. मुकादम म्हणाला, तो आमच्याकडे कामालाच नव्हता. इथे वहिनींचे कॅलेंडर कामी आले. नवरा रोज संध्याकाळी फोनवर सांगायचा, आज भरला की खाडा, आणि त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायच्या. दर आठवड्याची खर्ची आणि महिन्याकाठी उचल किती मिळाली, तेही त्याच तारखेखाली. मोबाईलवर आलेल्या पैशांच्या नोंदींशी आम्ही त्या तारखा ताडून पाहिल्या, तर एकूण एक जुळल्या. शिवाय त्याच्या ट्रंकेत साईटचा गेटपास निघाला आणि बरोबरच्या दोघांनी धीर करून जबाब दिले.

त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचा हिशेब साधा होता. प्रत्यक्ष पगार जास्त असला तरी हिशेबासाठी महिना १५,००० रुपयेच धरायचे. त्याच्या निम्मे ७,५००. तिसाव्या वर्षासाठी कायद्याच्या तक्त्यातील गुणक २०७.९८. गुणाकार होतो १५,५९,८५० रुपये. कोठे दोन लाख आणि कोठे साडेपंधरा लाख! लहान ठेकेदार हात वर करतो तेव्हा काम देणाऱ्या मूळ मालकावरही जबाबदारी येते, हे त्या कायद्यातच होते. वकिलांनी ते मांडले. तारखांवर तारखा झाल्या. वहिनी नांदेडहून रात्रीच्या गाडीने जायच्या आणि दुसऱ्या रात्री परतायच्या. चौदा महिन्यांनी रक्कम जमा झाली. गेलेला माणूस त्याने परत आला नाही. पण मुले शाळेत राहिली आणि जमिनीचा तुकडा सावकाराकडे गेला नाही.

एक टक्का आपला आहे

बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी वसूल होतो. १९९६ च्या कायद्यांनी ही व्यवस्था आली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवलेली आहे. दोनशे कोटींची इमारत असेल तर दोन कोटी कामगारांचे. पण तो पैसा कामगाराच्या हाती जातो का? १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की, देशभर सुमारे ३७,४०० कोटी रुपये जमा झाले आणि खर्च झाले फक्त सुमारे ९,५०० कोटी. आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो. जमेची बाजू एवढी मोठी आणि खर्चाची एवढी छोटी असा ताळेबंद पाहिला की आधी एकच प्रश्न पडतो, खातेदार कोठे आहेत? खातेदार नाक्यावर उभे आहेत. त्यांची नोंदणीच झालेली नाही.

१८ ते ६० वयाच्या आणि मागील वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. मुलांच्या शिक्षणाला साहाय्य, प्रसूतीसाठी मदत, मृत्यूनंतर कुटुंबाला आधार अशा योजना त्यात आहेत. अडचण नव्वद दिवसांच्या दाखल्याची. ठेकेदार दाखला देत नाही, कारण दाखला दिला की माणूस मस्टरवर येतो. मग दलाल मध्ये घुसतो आणि पैसे मागतो. दलालाकडे जाण्याऐवजी चार-पाच जणांनी मिळून जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जावे. एकट्याला परत पाठवतात, पाचांना पाठवणे जड जाते.

बायका आणि लेकरे

साईटवर बाई पुरुषाइतक्याच पाट्या वाहते आणि संध्याकाळी तिच्या हातावर कमी पैसे पडतात. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ मध्येच आला. पुष्कळ ठिकाणी तर जोडीची मजुरी एकट्या नवऱ्याच्या हातात देतात. बाईचे नाव कोठेच नाही. तिचा अपघात झाला तर ती तेथे होती हेच सिद्ध करणे कठीण. म्हणून नवरा-बायको दोघांचीही नोंदणी वेगवेगळी करा.

पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर पाहिजे, असा १९९६ च्या कायद्याचा नियम होता. त्याही आधी, १९६९ मध्ये, मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच्या लेकरांसाठी मोबाईल क्रेश सुरू केले आणि ते काम पुढे मुंबईतही आले. आम्ही पाहिलेल्या साईटवर एका पत्र्याच्या खोलीत अशी बालवाडी होती. तेथे अहमदपूरकडची एक चिमुरडी पाटीवर इमारत काढत होती. तिने तिला तीस मजले काढले आणि एकेक मोजून दाखवले. तिला विसापर्यंत आकडे कोणी शिकवले आणि पुढचे ती कोठे शिकली, असे विचारले तर म्हणाली, "बाबा रोज सांगतात, आज कितवा झाला ते."

काम संपल्यावर

डिसेंबर २०२५ मध्ये खालचे काही मजले ताब्यात देण्याची तयारी चालली होती. दारात गणवेशातला रखवालदार, आत गुळगुळीत फरशी. आपल्या माणसांतली चार जण साफसफाईला शिल्लक होती, बाकीची दुसऱ्या साईटवर गेली. त्यांतले एक काका म्हणाले, "ह्ये मजले आमी चढविले, पन आता पुढच्या गेटातून आत सोडनात. मागच्या दारानं या म्हन्तेत." एकेकाळी अशाच इमारतींत बँका, विमा कंपनी, एअर इंडिया यांच्या कचेऱ्या होत्या आणि राखीव जागांमुळे पाटीवाल्याचा मुलगा तेथे कारकून म्हणून पुढच्या दाराने आत गेला. नव्या इमारतींत बहुतेक खाजगी कंपन्या आहेत. तेथे आत जायचे तर शिक्षण आणि कौशल्य याच दोन किल्ल्या आहेत, आणि त्या मुलींच्या हातीही द्यायला हव्यात.

बांधकामावर असलेल्या प्रत्येक कुटुंबाने निदान एवढे आजपासून करावे :

१. रोजची हजेरी, खर्ची आणि उचल तारीखवार लिहून ठेवावी. एक प्रत कामावर, एक घरी.

२. गेटपास, ओळखपत्र, साईटच्या फलकाचा फोटो जपून ठेवावा. फलकावर मालक आणि ठेकेदार दोघांची नावे असतात.

३. नव्वद दिवस भरताच नोंदणी करावी आणि तिचे नूतनीकरण मुदतीत करावे.

४. पट्टा आणि हेल्मेट मिळाल्याशिवाय उंचावर चढू नये. रोज बुडाला तर तो पुन्हा मिळतो.

५. अपघात झाल्यास वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही-अंगठा देऊ नये. पोलिसांत नोंद करावी आणि भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा.

आपल्या वस्तीत ज्यांना लिहिता-वाचता येते, मग ते कारकून असोत, शिक्षक असोत वा कॉलेजात जाणारी मुले-मुली असोत, त्यांनी रविवारी विहारात दोन तास बसून ही कागदपत्रे तयार करून द्यावीत. त्याला निधी लागत नाही. एक टेबल, एक वही आणि एक मोबाईल पुरेसा आहे. नांदेडला आम्ही काही जणांनी ही बैठक सुरू केली आहे. पहिल्या रविवारी तीन माणसे आली होती, गेल्या रविवारी एकोणीस. त्यांत सात बायका होत्या आणि सातही जणींनी स्वतःच्या नावाचा अर्ज भरला.